आधी टाइल्स, मग काच

"तिरकी आहे," म्हातारी म्हणाली.

मी अजून एकही टाइल लावली नव्हती. भिंतीवर पेन्सिलने एक रेघ तेवढी ओढली होती.

"ही रेघ आहे, सासूबाई. टाइल नाही."

"रेघच तिरकी, मग टाइल कुठून सरळ येणार?"

स्वयंपाकघरातली खुर्ची पॅसेजमध्ये आणून ती बाथरूमच्या दारासमोर ठाण मांडून बसली होती. खुब्यात सळई घातलेला पाय लांब केलेला, मांडीवर काठी आडवी, आणि तोंडावर तोच भाव, जो मी लग्नाआधीपासून बघत आलो होतो. बाजारात टोमॅटो उचलावा आणि तो खालून सडका निघावा, तसा. मी पाणसळ रेघेला टेकवली. बुडबुडा बरोबर मधोमध उभा राहिला. तिला दाखवला.

"ते यंत्रही तुझंच ना," ती म्हणाली.

नेद्याल्का ही माझी सासू. खरे म्हणजे माजी सासू. तिची मुलगी झ्लातिना आणि मी, आमचा घटस्फोट होऊन बरीच वर्षे झाली. बायको गेली की तिच्याबरोबर सासूही जाते, एवढा एक फायदा घटस्फोटात असतो. पण विदिन गाव एवढेसे आहे, की तोही मला पुरता मिळाला नाही. बाजारात, पोस्टात, नदीकाठच्या बागेत ती समोर यायची, आणि रस्त्यात कुत्र्याने काही करून ठेवले असावे तसा मला वळसा घालून पुढे जायची.

गेल्या हिवाळ्यात टबातून बाहेर पडताना ती घसरली. पडल्या पडल्या तिने ब्रशच्या दांड्याने पाइप ठोकायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरच्या वेनेताबाईंना ते ऐकू आले, पण नेद्याल्का कशावर तरी चिडली असेल असे समजून त्यांनी आधी आपले सूप संपवले. मग दार फोडले गेले. हॉस्पिटल, ऑपरेशन, काठी. आणि वसंताच्या तोंडावर झ्लातिनाचा वालेन्सियाहून फोन. ती तिथे म्हाताऱ्या स्पॅनिश बायकांना सांभाळते. त्यांना उठवते, भरवते, अंघोळ घालते.

"टब काढायचा, त्या जागी शॉवरचा ट्रे, भोवती टाइल्स आणि वर काचेची केबिन. जमेल तुला?"

"दुसरं कोणी मिळालं नाही?"

"चांगले मिस्त्री सगळे जर्मनीत आहेत, ल्यूबेन."

असे बोलायला झ्लातिनाला विचार करावा लागत नाही. हा गुण आईकडून आला आहे. मी हो म्हणालो. माणुसकी म्हणून हो म्हणालो असे वेनेताबाईंनी सगळ्या इमारतीत सांगितले, पण माणुसकी वगैरे काही नव्हते. जिने मला कधी पायपुसण्याएवढीही किंमत दिली नाही, ती अंगावर पाणी घेण्यासाठी माझ्या तोंडाकडे बघणार, हे मला डोळ्यांनी बघायचे होते.

लोक आयुष्यात काय काय करतात. माझी सासू आयुष्यभर टाइल्सकडे बघत बसली. गावाबाहेर टाइल्सचा कारखाना होता, तिथे भट्टीतून निघालेला माल पट्ट्यावरून तिच्यापुढे यायचा. एकेक टाइल उचलायची, बोटाच्या पेराने वाजवायची, उजेडात तिरकी धरायची आणि ठरवायचे. पहिला नंबर, दुसरा नंबर, बाद. कारखाना बंद पडला, पत्रे चोरीला गेले, आवारात बकऱ्या चरायला लागल्या. सवय मात्र हिच्यापाशी राहिली. इमारतीतली सगळी माणसे तिने अशीच लावून ठेवली होती. पहिल्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर दुसरा नंबर. वेनेताबाई दुसरा नंबर, शिवाय कोपरा उडालेला. नगराध्यक्ष बाद. तिचा स्वतःचा नवरा, नदीवरच्या फेरीबोटीत काम करून मेला बिचारा, तोही दुसराच. मला तर तिने वाजवूनसुद्धा पाहिले नव्हते.

टब काढला तेव्हा खाली काय निघाले, तर अर्ध्या विटा, सिमेंटची पोती आणि दारूच्या बाटल्या. आमच्या या इमारती ज्यांनी उभ्या केल्या, त्यांनी आधी बाटल्या रिकाम्या केल्या आणि मग भिंती उभारल्या. ओळंबा सोडला तर भिंत वरपासून खालपर्यंत दोन बोटे बाहेर. मी गिलावा करून ती सरळ केली, ट्रे मसाल्यात बसवला, कोपऱ्यांना पट्ट्या लावून पाणी अडवणारा लेप दिला. हे होईपर्यंत घरात संडासही चालू नव्हता, त्यामुळे म्हातारीला एक मजला उतरून वेनेताबाईंकडे जावे लागायचे. कठड्याला धरून, एकेक पायरी. वेनेताबाई दारात उभ्या राहून मोठ्याने म्हणायच्या, "ये गं, ये, लाजू नकोस!" म्हणजे सगळ्या जिन्याला कळावे.

"काच आधी लावून टाक की," म्हातारी एकदा वर येऊन, धापा टाकत म्हणाली. "निदान अंघोळ तरी करीन. टाइल्स मग लाव सावकाश."

"काही गाढवं तसंच करतात. आधी काच बसवतात आणि मग तिच्याभोवती टाइल्सचे तुकडे खुपसतात. पाणी काचेच्या मागून भिंतीत शिरतं. आधी ट्रे, मग ट्रेच्या काठावर उतरतील अशा टाइल्स, आणि शेवटी काच, टाइल्सवर घट्ट बसवलेली."

"एवढं माहिती आहे, तर मग संसार का असा केलास?"

असल्या प्रश्नांना मी घटस्फोटापासून उत्तरे देत नाही.

झ्लातिनाने दुकानात फोनवर मागवलेल्या टाइल्स आल्या होत्या. मोठ्या, करड्या, संगमरवराचे सोंग घेतलेल्या. म्हातारीने एक खोके उघडायला लावले. टाइल गुडघ्यावर उभी धरली, पेराने वाजवली, कान दिला.

"मेलेल्या माणसाचा रंग आहे. माझ्या घरात ह्या लागणार नाहीत."

"झ्लातिनानं पाठवल्यात."

"मग तिच्या घरी नेऊन लाव. तळघरात जा. कोबीच्या पिंपामागे खोकी आहेत, ती वर आण."

लिफ्ट नसलेल्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, तळघरातून खोकी. मी शिव्या देत उतरलो. आंबलेल्या कोबीच्या वासात, ताडपत्रीखाली, भिंतीला लावून खोक्यांची उतरंड रचलेली होती. वरचे उघडले. तळहाताहून थोडी मोठी, चौकोनी टाइल. रंग हिरवा. हिरवा म्हणजे कसला, तर उकडून उकडून गेलेल्या वाटाण्याचा, जुन्या दवाखान्यांच्या भिंतींचा. हा रंग मी तरुणपणी अर्ध्या गावात लावला आहे आणि गेली काही वर्षे त्याच घरांतून पहारीने काढतो आहे.

पहिली दोन खोकी वर नेऊन ठेवली आणि गॅलरीत जाऊन झ्लातिनाला फोन लावला.

"अगं, तिला तुझ्या करड्या नकोत. तळघरातल्या हिरव्या लाव म्हणते."

"तिला काय हवंय, ते कोण विचारतंय?"

"बाथरूम तिचं आहे."

फोनमध्ये, तिच्या मागे कोणीतरी म्हातारी स्पॅनिशमध्ये ओरडत होती.

"ल्यूबेन, ऐक. आणि तिला बोलू नकोस. घर विकायला काढलंय. बाबांनी माझ्या नावावर केलंय ते, तुला माहितीये. दलाल म्हणतो, टब बघून लोक नाकं मुरडतात. काचेची केबिन, करड्या टाइल्स असल्या म्हणजे फोटो तरी बरा येतो. आईला डोंगराकडच्या वृद्धाश्रमात जागा मिळतेय, उन्हाळ्यात."

"म्हणजे ही केबिन तिच्यासाठी नाही."

"तिला आता एकटीला अंघोळसुद्धा जमत नाही! उद्या परत पडली तर मी काय इथून धावत येऊ? मी इथे दुसऱ्यांच्या आया धुते दिवसभर. मलाही एक स्वतःचं छप्पर नको का?"

"मला सांगितलंस की तिच्या अंघोळीसाठी."

"नाहीतर तू आला असतास?"

मी फोन बंद केला. म्हातारी निदान तोंडावर थुंकायची. मुलगी परदेशात राहून सुधारली होती. आता पाठीमागून थुंकत होती, आणि तेही माझ्याच हातून.

आत आलो तर म्हातारी तशीच बसलेली.

"काय म्हणाली?"

"करड्या लाव म्हणाली."

"आणि?"

"आणि काय?"

"घर विकायचंय, ते नाही बोलली?"

मी हातातली थापी उगाच पुसत राहिलो.

"मी हॉस्पिटलमधून आले आणि दोन दिवसांनी एक पोरगा आला," ती म्हणाली. "हीटिंगचं मीटर बघायचंय म्हणाला. मीटर बघितलं आणि मग पडद्यांचे फोटो काढले. हीटिंगचा माणूस पडद्यांचे फोटो काढतो का रे? तुम्ही सगळे मला समजता तरी काय? खुबा मोडलाय माझा, डोकं नाही."

"मग तिला बोलला का नाहीत?"

"तिनं सांगू दे ना आधी. तोंड आहे तिला." तिने काठीने खोक्याला टोचले. "हिरव्या लाव. नुसत्या ट्रेभोवती नाही. सगळ्या भिंतींना, छतापर्यंत."

"अहो, असलं बाथरूम बघून गिऱ्हाईक उलट्या पावली पळेल."

"पळू दे की."

ती हसली नाही. तिला हसताना मी कधी पाहिलेलेच नाही. पण खुर्ची तिने जरा मागे सरकवली, मला खोकी आत न्यायला वाट व्हावी म्हणून.

उरलेली खोकी तळघरातून वर आणली आणि मी कामाला लागलो. झ्लातिनाचा राग होताच, त्यामुळे हात भराभर चालत होता. ट्रेच्या काठापासून सुरुवात केली. खाली काडीएवढी फट सोडली, नंतर सिलिकॉन भरायला. पहिली ओळ, दुसरी ओळ. एवढ्याशा टाइल्स, त्यामुळे सांधेच सांधे. म्हातारी दारातून बघत होती आणि गप्प राहणे तिच्या प्रकृतीला मानवत नव्हते.

"प्लास्टिकची फुली घाल मधे, सांधा सारखा येईल. दाबून बसवू नकोस, मसाला वर येतोय. तुझा बाप पण असाच होता का, धांदरट?"

"माझा बाप हमाल होता. बंदरावर."

"मग बरोबर."

दुपारी तिने मला घेवड्याचे सूप दिले. प्लेट माझ्यापुढे आपटली आणि "पुदिना नाही, तुझ्यासाठी कोण बाजारात जाणार" म्हणाली. सूप चांगले होते. ते मी बोललो नाही. नुसते विचारले, "एवढी खोकी तुम्ही जमवलीत कशाला?"

"तुमच्या घरासाठी."

"कोणाच्या?"

"तुझ्या आणि झ्लातिनाच्या. तिच्या लग्नात द्यायच्या म्हणून आधीपासून बाजूला काढत होते. त्या वेळी काही मिळत होतं का दुकानात? पट्ट्यावरून एकेक हातानं निवडलेली आहे. सगळा पहिला नंबर."

"तुम्ही आम्हाला म्हणालात, कारखान्यात एक टाइल शिल्लक नाही."

"मग तुला बघितलं ना."

मी सुपाची प्लेट बाजूला सारली.

आमचे पहिले घर बंदरामागच्या वस्तीत होते. चार वर्षे आम्ही तिथे उघड्या सिमेंटच्या भिंतींत अंघोळ केली. गावभर टाइल्स लावत फिरणारा मिस्त्री, आणि त्याच्या घरी टाइल नाही. मित्र यायचे, बाथरूममध्ये जाऊन यायचे आणि दात काढायचे. झ्लातिनाची कोपरे त्या भिंतीला खरचटायची. दर रविवारी ही बाई जेवायला यायची, हात धुवायला म्हणून आत जायची, आणि बाहेर येऊन आधी मुलीकडे आणि मग माझ्याकडे बघायची. बोलायची नाही. आणि ही खोकी तेव्हा कोबीच्या पिंपामागे होती.

"तुम्ही माणूस नाही," मी म्हणालो.

"मी चुकले का? टिकलं का लग्न?"

मी उठलो. मसाल्याने अर्धी भरलेली बादली तशीच टाकली, थापी तिच्यात फेकली, जाकीट उचलले आणि निघालो. जिन्यात वेनेताबाई. "झालं का रे काम?" म्हणाल्या. "तुमचं झालं का ऐकून?" मी म्हणालो. घरी जाऊन राकिया दारूचे दोन ग्लास प्यायलो आणि ठरवले की आता वालेन्सियाहून राजा जरी आला तरी त्या जिन्याला पाय लावायचा नाही. म्हातारीला जाऊ दे वेनेताबाईंच्या संडासात. जाऊ दे डोंगरावर.

सकाळी मी गेलो ते माझी बादली आणायला. बादली चांगली होती.

दार नुसते लोटलेले होते. उघडले आणि पाय आत टाकायला जागा नाही. पॅसेजभर, बाथरूमपासून बाहेरच्या दारापर्यंत, वर्तमानपत्रे अंथरलेली, आणि त्यांवर हिरव्या टाइल्सच्या ओळी. सगळी खोकी रिकामी. एका बाजूला पिवळटसर, मधे वाटाणी, पलीकडे निळसर झाक असलेल्या. मी त्या सगळ्या एकाच रंगाच्या समजून लावत सुटलो होतो. ओळींच्या शेवटी, भिंतीला पाठ लावून, जमिनीवर उशी घेऊन म्हातारी बसल्या बसल्या झोपली होती. तोंड उघडे, मांडीवर एक टाइल. खाली बसणे जमले होते. उठणे जमले नव्हते.

मी बादली आपटली. ती जागी झाली.

"आलास? तीन भट्ट्यांच्या आहेत. तू मिसळून लावणार होतास. भिंतीला खरूज झाल्यासारखी दिसली असती."

"तुम्ही रात्रभर इथे?"

"निळसर ट्रेजवळ लाव, पाणी पडलं की चांगल्या दिसतील. पिवळट दारामागे. बघतोस काय? कालच्या त्या ओळी काढ आधी, त्यांच्यात दोन पिवळ्या घुसल्यात."

"आधी उठा."

"हात लावू नकोस मला."

"मग बसा."

ती बसली. मी बादलीतला दगड झालेला मसाला छिन्नीने फोडू लागलो. बराच वेळ गेला. मग मागून आवाज आला, "अरे, ऐकू येत नाही का? धर." दोन्ही हात वर केलेले होते. मी काखेत हात घालून तिला उचलले. अंगात काही वजनच नव्हते. सिमेंटचे पोतेसुद्धा याहून जड. तिला खुर्चीत ठेवले आणि ती लगेच म्हणाली, "घामाचा वास येतोय तुला."

तिने माफी मागितली नाही. मागितली असती तर मी बादली घेऊन घरी गेलो असतो. मी कालच्या ओळी खरवडून काढल्या आणि तिने मांडल्या होत्या त्या क्रमाने लावत गेलो. ट्रेभोवती, मग बाजूच्या भिंती, मग छतापर्यंत. ती बघत होती, दोष काढत होती, मधेच डुलक्या घेत होती. सांध्यांत ग्राउट भरले, पुसले. शेवटच्या दिवशी काच बसवायला टाइल्सना भोके पाडताना तिने कानांवर हात ठेवले आणि डोळे मिटले. एकही फुटली नाही तेव्हा उघडले. उभ्या पट्ट्या बसल्या, काचा बसल्या, सरकते दार बोटाने ढकलले तरी सरकत होते. तिला धरायला एक दांडा आणि बसायला भिंतीला एक घडीचा पाट मी माझ्या मनाने लावला. त्याबद्दल ती काही बोलली नाही. दोष सापडला असता तर बोलली असती.

सिलिकॉन वाळल्यावर तिने पहिली अंघोळ केली. मला गॅलरीत पाठवले आणि गॅलरीचे दार आतून लावून घेतले. मी तिथे मूर्खासारखा उभा. किती वेळाने दार उघडले, तेव्हा तिने स्वच्छ ब्लाउज घातला होता आणि डोक्याला कोरडा रुमाल.

"पाणी बाहेर येत नाही," ती म्हणाली. "जा आता."

मे महिन्यात दलाल एका जोडप्याला घेऊन आला. मी नव्हतो, वेनेताबाई होत्या, म्हणजे त्या असणारच. म्हातारीने त्या दिवशी ओठांना लाली लावली होती म्हणे. बैठकीची खोली आवडली, गॅलरीतून नदी दिसते म्हणून बाई खूश झाली. मग बाथरूमचा दिवा लावला. बाई दारातच थांबली आणि तिला हसू आवरेना.

"हे कोणी केलं, आजी?"

"माझ्या जावयानं. अडाणी आहे. पण घट्ट लावल्यात. काढायच्या म्हटल्या तर भिंत बरोबर येईल."

असली आणखी दोन गिऱ्हाइके आली आणि गेली. दलालाने झ्लातिनाला फोन केला, झ्लातिनाने मला.

"मुद्दाम केलंस तू हे. सूड उगवलास माझ्यावर."

"मी काय करणार? चांगले मिस्त्री जर्मनीत आहेत."

तिने शिवी दिली. बरी दिली. पण हार मानून बसणाऱ्यांतली ती नव्हती. वृद्धाश्रमातली जागा तिने सोडली नव्हती. शरदात ती स्वतः आली, वालेन्सियाहून बसने, दोन रात्री बसल्या बसल्या काढून. आईला पोचवायचे, घराला कुलूप लावायचे, मग करड्या टाइल्स लावायला कोणीतरी रोमानियातून आणायचा असा तिचा बेत होता. सामान न्यायला गाडी हवी होती, आणि गाडी गावात माझ्याकडे होती. त्या दिवशी माझी गाडी डोंगराकडे गेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. पण सकाळी मी ती इमारतीसमोर लावली तेव्हा मला ते माहीत नव्हते, आणि मी गाडी का देतो आहे हेही मला नीट सांगता आले नसते.

वर गेलो तर दारात बांधलेली बॅग. झ्लातिना जाड झाली होती, केस कापले होते, दंड भरले होते. माणसे उचलून उचलून होतात तसे. मी तिला बघितले, तिने मला. दोघांनाही फार काही आवडल्यासारखे वाटले नाही.

"अंघोळ करून निघेन," म्हातारी म्हणाली.

"चल, मी घालते."

"तू?"

"माझं कामच आहे ते, आई. रोज चार जणींना घालते."

"मग त्यांना घाल."

"पडशील! परत खुबा मोडून घेशील आणि मग माझ्या नावानं रडशील."

"तुझ्या नावानं मी कधी रडले गं?"

म्हातारीने काठी बाथरूमच्या दाराशी टेकवून ठेवली आणि आत गेली. झ्लातिना मागोमाग गेली, तर तिच्या तोंडावर काचेचे दार सरकले. काच दुधी होती. आत एक आकृती हळूहळू कपडे काढत होती, एकेक वरून बाहेर टाकत होती, आणि झ्लातिना ते मुकाट उचलत होती. मग पाणी सुरू झाले.

झ्लातिना एका हातात टॉवेल घेऊन काचेला नाक लावून उभी राहिली. "पाटावर बसलीस का? दांडा धर. साबण खाली टाकू नकोस. आई, बोल काहीतरी!" आतून पाण्याचा आवाज, मधेच साबणदाणीचा. वाफ वर छताला लागली आणि हिरव्या भिंतींवरून ओघळायला लागली. मी पॅसेजमध्ये बॅगेशेजारी उभा होतो. या भिंती, त्यांची खोकी, आमचे ते उघडे सिमेंट, हे सगळे झ्लातिनाला सांगावे असे एकदा वाटले. नाही सांगितले. सांगून तिने काय केले असते?

एकदा आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. झ्लातिनाने दाराला हात घातला.

"हात काढ तिथून," आतून आवाज आला. ठणठणीत.

तिने हात काढला.

पाणी बंद झाले. टॉवेल धरून झ्लातिनाने दोन्ही हात पुढे केले. मग दार चार बोटे उघडले आणि त्यातून एक ओला, सुरकुतलेला हात बाहेर आला. त्याने झ्लातिनाकडचा टॉवेल ओढून घेतला. दार पुन्हा लागले.

"दोघं तिथे उभे राहून काय करताय?" म्हातारी आतून म्हणाली. "ती बॅग उघडा आणि माझे कोरडे कपडे कपाटात ठेवा."

मी बॅग उचलली. झ्लातिना जागची हलली नाही. तिचे दोन्ही हात अजून तसेच पुढे होते, कोणाचे तरी वजन पेलायला तयार, आणि त्यांच्यावर काहीच नव्हते.